गोधडीला इस्त्री लागतेच

“गोधडीला कुठं इस्त्री असते का?” नगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठल्याही शिवणवर्गात किंवा बचत गटाच्या बैठकीत गोधडीचा विषय काढा, हे वाक्य कानावर पडतंच. विचारणारीला उत्तर नको असतं. मशीनवर तुकड्याला तुकडा जोडायचा, शिवण पडेल तशी पडू द्यायची, ओळीला ओळ जोडायची, खाली जुनी पातळं अंथरायची आणि धावदोरा घालायला बसायचं, अशी रीत आता पक्की झाली आहे. मधे थांबून शिवण उघडा, दाबा, मग पुढची टीप मारा असं कुणी म्हटलं की बायका एकमेकींकडे बघून हसतात. प्रदर्शनासाठी माल उचलणारे तेच सांगतात. शहरातून आलेले हौशी लोक तर त्यावर तत्त्वज्ञान उभं करतात: गोधडी ओबडधोबड असते, तेच तिचं सौंदर्य.

मला हे हसणं सहन होत नाही आणि ते तत्त्वज्ञानही पटत नाही. नगरच्या आसपासच्या गावांत मी शिवणकाम शिकवते. हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशीच सांगते की निम्मं शिवणकाम मशीनवर होतं आणि निम्मं इस्त्रीखाली. ब्लाउजच्या बाबतीत हे सगळ्यांना मान्य असतं. कॉलर, कफ, पँटची बाजूची शिवण इस्त्रीशिवाय बसत नाही, हे कुठल्याच शिंप्याला समजावून द्यावं लागत नाही. मग बाई तीच, मशीन तेच, कापड तेच असताना काम गोधडीचं निघालं की नियम का बदलतो? कारण गोधडीकडे बघायची नजरच वेगळी आहे. टाकाऊ कापडाची, गरिबाघरची, बाईनं फावल्या वेळात केलेली वस्तू. तिच्यावर कसली मेहनत घ्यायची, असा हा हिशेब आहे. इस्त्री नको म्हणणाऱ्या प्रत्येक युक्तिवादाच्या तळाशी मला हाच हिशेब दिसतो.

विरोधी बाजूचं म्हणणं आधी पूर्ण मांडते. एक, आमच्या आज्या-पणज्यांनी शेकडो गोधड्या शिवल्या, त्यांनी कधी इस्त्री फिरवली नाही. दोन, शिवण आत जाते, ती कुणाला दिसते? तीन, वरून धावदोरा पडला की शिवण आपोआप दबते. चार, दसऱ्याला एकदा धुतली की सगळं सारखं होतं. पाच, वेळ जातो, वीज जाते आणि भाव मात्र तेवढाच मिळतो. आणि जेव्हा हे पाचही अपुरे पडतात तेव्हा शेवटचं: गोधडी ही आईची माया आहे, मायेला कसली मापं लावता?

आज्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळा पुढे केलं जातं ते त्यांचंच नाव.

पाथर्डी-शेवगावकडची एखादी जुनी बाई उन्हाळ्यात गोधडीला बसलेली नीट बघा. अंगणात आधी जुनी लुगडी, धोतरं, पातळं एकावर एक पसरलेली असतात, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले असतात. कापड ताणून, हात फिरवून, एकही सुरकुती राहू न देता हे थर लावायलाच पहिला अर्धा दिवस जातो. मग ती वरचा तुकडा हातात घेते. त्याची कड करंगळीच्या नखाएवढी आत दुमडते. बोट पाण्यात बुडवून त्या दुमडीवरून ओढते आणि मागोमाग अंगठ्याचं नख दाबून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेते. कड कागदाच्या घडीसारखी धारदार होते. तो तुकडा थरांवर ठेवून त्याच क्षणी, कडेला अगदी लागून, खालच्या सगळ्या थरांतून आरपार टाका जातो. पुढचा तुकडा शेजारच्या कच्च्या कडेवर चढतो, पुन्हा ओलं बोट, पुन्हा नख, पुन्हा टाका. जाड कापड असेल तर कड दुमडून पितळी तांब्याखाली दाबून ठेवलेली असते. त्याच तांब्यात निखारे भरून पोरांचे शाळेचे सदरे कडक करण्याची पद्धत आपल्या खेड्यांत अगदी परवापरवापर्यंत होती.

आता सांगा, ही बाई शिवण दाबत नव्हती? ती प्रत्येक कड दाबत होती, आणि पाण्याचा ओलावा, नखाचा दाब आणि लगेचचा टाका अशा तिन्ही गोष्टी वापरून दाबत होती. इस्त्री काय वेगळं करते? सुती धागा उष्णतेनं आणि ओलाव्यानं मऊ होतो, दाबाखाली जी घडी पडते ती गार होईपर्यंत धरली की टिकते. आजीकडे वीज नव्हती म्हणून तिनं उष्णतेची जागा जोरानं आणि टाक्यानं भरून काढली. तिच्या घरात इस्त्री नव्हती एवढ्यावरून तिच्या कामात दाब नव्हता असं ठरवणाऱ्यांनी तिच्या हातांकडे कधी पाहिलेलंच नाही.

ही काही नगरपुरती गोष्ट नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं आत सरकतात, प्रत्येक तुकड्याची कड बोटानं दुमडून लगेच टाक्यात अडकवतात. तिथंही इस्त्री नाही आणि तिथंही एकही कड मोकळी सुटत नाही. त्याउलट कोरियात उरल्यासुरल्या कापडाचे चौकोन जोडून जोगाकबो नावाचे रुमाल करतात. त्यांना आत थर नसतो, शिवण दोन्ही बाजूंनी दिसते. तिथल्या बायका शिवणकामात शेगडीत तापवायची, लांब दांड्याची छोटी टोकदार इस्त्रीच वापरत, तिला इंदू म्हणतात. जपानी किमोनो शिवणाऱ्यांकडे तसंच कोते नावाचं हत्यार होतं. जिथं तुकडे आधी सुटे जोडायचे होते तिथं इस्त्री आली, जिथं तुकडे थरांवरच टाकायचे होते तिथं नख पुरलं. दाबाशिवाय कुणाचंच भागलं नाही.

आणि इथंच आजीचं नाव घेणाऱ्यांची मोठी चूक आहे. आपण आज आजीसारखी गोधडी शिवतच नाही. शिंप्याच्या दुकानातून कातरण आणतो, चौकोन कापतो, मशीनवर टीप मारून त्यांचा अख्खा वरचा पदर आधी तयार करतो आणि मग तो थरांवर टाकतो. या पद्धतीत तुकड्याची कड थरांना बांधलेली नसते. पाव इंचाची शिवण मागच्या बाजूला मोकळी लोंबत असते, इकडे वळते, तिकडे वळते, मधेच पीळ खाते. आजीच्या गोधडीत ही मोकळी शिवण अस्तित्वातच नव्हती. म्हणजे पद्धत अमेरिकन क्विल्टची घ्यायची, मशीन घ्यायचं, चौकोन घ्यायचे, त्या पद्धतीतली अर्धी मेहनत तेवढी सोडून द्यायची आणि सोडताना परंपरेचा दाखला द्यायचा! जिला खरोखर आजीच्या पद्धतीनं, तुकडा थरांवर ठेवून, नखानं कड मारून हातानं शिवायचं आहे तिनं इस्त्री खुशाल बाजूला ठेवावी. तिच्याशी माझं भांडण नाही. ज्या क्षणी मशीनवर दोन तुकड्यांना टीप बसली त्या क्षणी मात्र आजीचा आधार संपला.

दुसरा मुद्दा: आत गेलेली शिवण कुणाला दिसते? दिसत नाही, हे खरं. पण गोधडी बघण्यासाठी करतात की अंगाखाली-अंगावर घेण्यासाठी? डिसेंबर-जानेवारीत नगरचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. पाथर्डी, जामखेड, शेवगावची कुटुंबं ऊसतोडीला निघतात तेव्हा बैलगाडीत संसाराबरोबर गोधड्या चढतात आणि पुढचे काही महिने कोपीत, जमिनीवर, त्याच गोधडीवर पाठ टेकायची असते. आतली शिवण डोळ्यांना दिसली नाही तरी दिवसभर मोळ्या उचललेल्या पाठीला ती लागते. एका जागी गोळा झालेल्या कापडाची गाठ रात्रभर बरगडीत टोचते.

ही गाठ कशी होते ते एकदा मोजूनच दाखवते, कारण या विषयावर बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी थर मोजलेले असतात. चार चौकोन एका बिंदूत मिळतात त्या चौकाची मागची बाजू डोळ्यांपुढे आणा. वरच्या ओळीची उभी शिवण उजवीकडे वळली, खालच्या ओळीचीही उजवीकडेच वळली आणि दोन ओळींची आडवी शिवण वर वळली, तर चौकाच्या एका बाजूला कापडाचे ९ थर जमा होतात आणि शेजारी फक्त ३. वरच्या ओळीच्या शिवणी उजवीकडे आणि खालच्या ओळीच्या डावीकडे दाबून घेतल्या, तर ९ आणि ३ ऐवजी ७ आणि ५ होतात. शिवाय दोन्ही शिवणी एकमेकींना चिकटून बसतात आणि चौक आपोआप जुळतो. सगळ्या शिवणी उघडून दोन्हीकडे सपाट दाबल्या, तर चारही कोपऱ्यांत सारखे ४ थर. कापड तेच, टीप तीच, दोरा तोच. फरक फक्त दाबण्याचा. आणि न दाबता सोडलेल्या शिवणींचं काय होतं? काही चौकांत ९, काही चौकांत ७, कुठं शिवण मधेच पलटलेली, म्हणून त्याहूनही जास्त. बारा चौकोन रुंद आणि सोळा चौकोन लांब अशा गोधडीत असे १६५ चौक असतात. १६५ ठिकाणी नशिबावर हवाला ठेवायचा आणि त्याला गोधडीचा स्वभाव म्हणायचं, हे मला मान्य नाही.

तिसरा मुद्दा यातच निकालात निघतो. म्हणे वरून धावदोरा पडला की शिवण दबते. धावदोरा शिवण दाबत नाही, तो तिला आहे त्या अवस्थेत कायमची पकडतो. सपाट असेल तर सपाट, पिळलेली असेल तर पिळलेली. टाका घालणाऱ्या बाईला विचारा. ९ थरांचा चौक, त्याखाली जुन्या पातळांचे आणखी चार-पाच थर, अशा जागी सुई पोचली की ती अडते. बाई अंगठ्यानं ढकलते, सुई वाकते नाहीतर मोडते, टाका लांब पडतो किंवा ती चौक चुकवून बाजूनं जाते. बोटांना पडलेली भोकं त्या इस्त्री न केलेल्या शिवणीची असतात. शहाण्या बाया म्हणतात, दाबटीप मारून घेतली की झालं. दाबटीप चांगलीच, पण ती मारायच्या आधी शिवण एका बाजूला सपाट बसलेली हवी, नाहीतर टिपेखाली चुणी अडकते आणि ती मग उसवल्याशिवाय निघत नाही. दाबटीप हा इस्त्रीनंतरचा टप्पा आहे, तिच्या ऐवजीचा नाही.

आता मापाचं. ५ इंचाचे १२ चौकोन एका ओळीत जोडले, दोन्हीकडे पाव-पाव इंच शिवणीत गेलं की प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा उरतो आणि ओळ बरोबर ५४ इंच भरते. भरायला हवी. शिवण नीट उघडून दाबली नाही तर प्रत्येक शिवणीपाशी कापडाची बारीकशी घडी आत राहते. ती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, धरली तरी ११ शिवणींत जवळजवळ दीड इंच खाल्ला जातो. एक ओळ साडेबावन्न, दुसरी त्रेपन्न, तिसरी चोपन्न. मग जोडताना एक ओळ ओढायची, दुसरीला चुण्या घालायच्या. इथून पुढे गोधडी कधीच चौकोनी होत नाही. शेवटी गोट लावताना कडा लाटांसारख्या उठतात आणि बाई स्वतःच्या हाताला दोष देते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींनी “मला सरळ कापताच येत नाही” असं म्हणून डोळ्यांत पाणी आणलं आहे. त्यांचं कापणं सरळच होतं. कुणी त्यांना शिवण दाबायला सांगितलं नव्हतं.

दसऱ्याच्या धुण्याचा मुद्दा तर मला उलटाच लागू करावासा वाटतो. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं सीनेला, प्रवरेला, मुळेला, नाहीतर विहिरीच्या पाटावर नेऊन धुतली जातात. भिजलेली गोधडी दोघींना उचलत नाही. तिला दगडावर आपटतात, काठीनं बडवतात, दोन टोकांना धरून पिळतात. शिवणीची यापेक्षा कठोर परीक्षा नाही. जी शिवण आत घडी राखून बसली होती ती पाण्यात सुटते, तेवढं कापड ढिलं पडतं आणि तिथं फुगा येतो. पिळलेल्या शिवणीवर ताण एकाच बाजूनं पडतो आणि आधी तिथंच दोरा तुटतो. सपाट दाबलेल्या शिवणीवर ताण सारखा वाटला जातो. धुण्यानं सगळं सारखं होतं म्हणणाऱ्यांनी पहिल्या धुण्यानंतरची मशीनची गोधडी उन्हात वाळत घातलेली असताना मागून उजेड येऊ देऊन बघावी. आतल्या सगळ्या वळलेल्या शिवणी सावलीसारख्या दिसतात.

वेळ आणि वीज. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण बायांचा वेळ खरोखरच कुणी मोजत नाही आणि त्याचा पैसाही देत नाही. म्हणूनच मोजू. १२ बाय १६ चौकोनांच्या, म्हणजे साडेचार फूट बाय सहा फुटांच्या गोधडीत लहान शिवणी १७६ आणि लांब शिवणी १५. एकेक तुकडा जोडून एकेकदा उठायचं कारण नाही. अख्खी ओळ शिवून घ्यायची आणि एकदम इस्त्रीखाली घालायची. लहान शिवणीला ५ सेकंद धरले तर सगळ्या मिळून पंधरा मिनिटं. लांब शिवणीला एकेक मिनिट, ती आणखी पंधरा. उचल-ठेव धरून पाऊण तास म्हणा. १००० वॉटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली तरी १ युनिट वीज जाते, आणि पुरेशी तापली की ती मधे मधे स्वतःच बंद होते. हातानं धावदोरा घालायला जी गोधडी कित्येक दिवस घेते तिला पाऊण तास जड होतो? तो पाऊण तास पुढे सुई अडण्यात, टीप उसवण्यात, ओळी ओढून जुळवण्यात दामदुपटीनं वसूल होतोच. ज्या वाडीवर वीज टिकत नाही तिथं कोळशाची इस्त्री चालते. तीही नसेल तर शिवण फळीवर ठेवून लाटणं जोर देऊन फिरवा, चमच्याची पाठ ओढा, अंगठ्याचं नख तर कुणी काढून नेलेलं नाही.

भाव मिळत नाही म्हणून मेहनत नको, हा युक्तिवाद तर मालकाच्या तोंडी शोभतो, करणारीच्या नाही. माल उचलणारा “चालतंय तसंच” म्हणतो, कारण शिवण सुटल्यावर गिऱ्हाईक त्याच्या दारात येत नाही. ते नाव बाईचं घेतं, गटाचं घेतं, गावाचं घेतं. चुण्या पडलेल्या गोधडीकडे बोट दाखवून तोच माणूस पुढच्या वर्षी भाव पाडतो. बिनदाबाच्या गोधडीचा भाव वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

दाबणं म्हणजे काय, हे इथंच सांगून टाकते, कारण इस्त्री फिरवून कापड वाकडं केल्याच्या तक्रारीही येतात आणि त्या खऱ्या असतात. गोधडीवर इस्त्री फिरवायची नसते, टेकवायची असते. टेकवा, दाबा, उचला, पुढे ठेवा. सदऱ्यासारखी ओढलीत तर उरेब कापलेला तुकडा लांबणारच. टीप मारल्यावर शिवण उघडायच्या आधी ती मिटलेली असतानाच एकदा इस्त्री टेकवा, म्हणजे दोरा कापडात बसतो. मग उघडा किंवा एका बाजूला वळवा. हातानं जोडलेली शिवण एका बाजूला वळवावी, ती तशी जास्त टिकते. मशीनची घट्ट बारीक टीप उघडून दाबली तरी चालते, आणि कापड जाड असेल तर उघडावीच. एक ओळ उजवीकडे दाबली तर तिच्याखालची डावीकडे. गडद आणि फिकं कापड शेजारी आलं तर शिवण गडद कापडाखाली, नाहीतर फिक्या कापडातून तिची रेघ दिसते. गार झाल्याशिवाय तुकडा उचलू नका. आणि कातरणीत हल्ली सुती, टेरिकॉट, पॉलिएस्टर असं सगळं मिसळलेलं येतं. शंका आली तर एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. इस्त्रीवरचे तीन ठिपके म्हणजे २०० अंशांच्या आसपास, ते सुतीला. दोन ठिपके म्हणजे १५०, ते पॉलिएस्टरला, आणि तेही वर ओलं सुती फडकं टाकून. हे सगळं शिकायला एक दुपार पुरते. शिवणवर्गांत ती दुपार कुणी ठेवत नाही, याचंच मला वाईट वाटतं.

आणि आता मायेचा मुद्दा. पाथर्डी तालुक्यातले कवी कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता शाळेच्या पाठ्यपुस्तकापर्यंत पोचली आणि आपल्या भागातल्या पोरांना आपल्या घरातली वस्तू पुस्तकात भेटली, याचा मलाही आनंद आहे. गोधडीत माणसांच्या आठवणी असतात, हे मी नाकारीत नाही. पण आई माया करते म्हणून स्वयंपाकात मीठ चुकलं तरी चालेल, असं कुणी म्हणतं का? ज्या वस्तूवर जीव आहे ती तर जास्त नीट करायची. आईच्या लुगड्याचा शेवटचा धड तुकडा ज्या गोधडीत जातो तिची शिवण पहिल्याच धुण्यात सुटावी, यात कोणती माया दिसते? संतांनी चिंध्या पांघरल्या, हा दाखलाही कुणी देऊ नये. कर्जतच्या संत गोदड महाराजांपुढे मी हात जोडते, पण विरक्तानं सगळं सोडून पांघरलेली गोधडी आणि गृहिणीनं लेकरांच्या थंडीसाठी शिवलेली गोधडी यांचा उद्देशच वेगळा आहे.

ओबडधोबडपणाच्या सौंदर्याबद्दल शहरी मंडळी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंडच्या गोधड्यांचं उदाहरण देतात. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कपड्यांतून शिवलेल्या त्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगभर गाजल्या. त्यांच्या रेषा वाकड्या आहेत, पट्ट्या कमी-जास्त रुंदीच्या आहेत, खरं आहे. पण वाकडी रेषा कापणारीनं ठरवलेली असते. चुणी कुणीच ठरवलेली नसते. आपल्या बाईला रेषा वाकडी ठेवायची असेल तर तिनं ठेवावी, रंग हवे तसे फेकावेत, चौकोनाऐवजी मिळेल तो आकार घ्यावा, तो तिचा अधिकार आहे. ज्यांना तिच्या चुणीत सौंदर्य दिसतं त्यांच्या स्वतःच्या घरातली चादर सरळ असते, पडदे कडक असतात आणि सदऱ्याची कॉलर दाबलेली असते. गरिबाच्या हातच्या वस्तूत तेवढी त्यांना चूक गोड वाटते. तिच्या हातून निर्दोष काम होऊ शकतं, हे मान्य करण्यापेक्षा तिचा दोष गोड मानणं सोपं जातं. या कौतुकाला मी अपमान समजते.

ज्या जिल्ह्यात अंगठ्याच्या नखानं कागदासारखी घडी पाडणाऱ्या बाया होत्या, तिथं त्यांच्या नातींना “गोधडीला कुठं इस्त्री असते” हे शिकवलं जातं आहे. शिकवणाऱ्यांनी हे थांबवावं. गटांनी दुसरं मशीन घ्यायच्या आधी एक चांगली इस्त्री आणि जाड घोंगडी अंथरलेला पाट घ्यावा. आणि विकत घेणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: गोधडी घेताना रंग नंतर बघा, आधी डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवा. चौकाचौकांत गाठी लागल्या तर ती परत ठेवा आणि का ठेवली ते सांगा. हात सपाट गेला, तर बाई सांगेल तो भाव द्या, घासाघीस करू नका.